फरशी नव्हे, टाच पाहा!

दवाखान्यात हल्ली एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. तपासणी झालेली असते, चिठ्ठी खिशात गेलेली असते. दारापर्यंत गेलेला माणूस परत वळतो आणि आवाज खाली करून विचारतो, "डॉक्टर, एखादी चांगली जागा माहीत आहे का? आईला ठेवायला?"

आवाज खाली जातो, कारण चार लोक काय म्हणतील ही धास्ती असते. आपल्याकडे वृद्धाश्रम म्हटले की मुलाने आईबापांना घराबाहेर काढले, असेच समजले जाते. काही घरांत तसे होतही असेल. पण माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी तशी नसतात. अर्धांगवायू झालेल्या माणसाला दिवसरात्र दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, घास भरवायचे, लघवी-संडास आवरायची आणि हे सारे साठीला आलेल्या, स्वतःची कंबर धरलेल्या सुनेने एकटीने करायचे! मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती आणि आपल्या महाराष्ट्रात साधारण दर दहा माणसांमागे एक माणूस साठीपुढचा होता. आता ही संख्या आणखी वाढली आहे. घरे मात्र लहान होत गेली.

तेव्हा आईवडिलांना कुठे ठेवावे, याचा उपदेश मी करणार नाही. तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण ठेवायचे ठरलेच, तर जागा कशी तपासावी, हे मात्र प्रत्येकाला माहीत हवे. कारण तिथे चूक झाली तर ती भोगणारे माणूस अंथरुणावर पडलेले असते. पुष्कळदा ते बोलूही शकत नाही.

तीन निरनिराळ्या जागा

पहिला घोटाळा शब्दांचा आहे. आपल्या गावात 'नर्सिंग होम' अशी पाटी दिसते ते खाजगी रुग्णालय असते. तिथे बाळंतपण होते, अपेंडिक्सचे ऑपरेशन होते. परदेशात मात्र याच नावाने म्हाताऱ्या, परावलंबी माणसांची कायमची देखभाल करणारी जागा ओळखली जाते.

आपल्याकडे वृद्धांसाठी दोन प्रकारच्या जागा असतात. एक साधा वृद्धाश्रम. हिंडत्या-फिरत्या, स्वतःचे स्वतः आवरणाऱ्या आजी-आजोबांसाठी. दुसरे शुश्रूषा केंद्र. अंथरुणाला खिळलेल्या, नळीतून अन्न घेणाऱ्या किंवा विस्मरणाच्या आजाराने घरचा रस्ता विसरणाऱ्या माणसांसाठी. आणि तिसरी जागा रुग्णालयाची, जिथे आजार बरा करून माणसाला घरी पाठवतात.

ज्याला शुश्रूषा हवी त्याला साध्या वृद्धाश्रमात ठेवणे ही पहिली चूक होय. आश्रमाचे चालक भले असतील, जेवण सात्त्विक असेल, भजनही होत असेल. पण रात्री उठून कूस बदलणारे माणूस तिथे नसेल, तर पंधरा दिवसांत पाठीला जखम होते. म्हणून चौकशीला जाताना आधी एका कागदावर लिहून न्यावे : आपले माणूस चालते का? स्वतः जेवते का? लघवीचे भान आहे का? इन्शुलिन चालू आहे का? नळी आहे का? हा कागद चालकांपुढे ठेवून विचारावे, "अशी किती माणसे आज तुमच्याकडे आहेत?" पहिलेच आपले माणूस असेल, तर थोडे थांबून विचार करावा.

तपासायला कोण येतो?

इंग्लंडमध्ये २००९ सालापासून 'केअर क्वालिटी कमिशन' नावाची संस्था अशा केंद्रांची तपासणी करते. तपासनीस बहुधा न सांगता येतात. पाच प्रश्नांची उत्तरे शोधतात : जागा सुरक्षित आहे का, देखभालीचा उपयोग होतो का, वागणूक मायेची आहे का, ज्याच्या त्याच्या गरजेकडे लक्ष दिले जाते का, आणि कारभार नीट चालतो का. मग उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी किंवा अपुरी असा शेरा मिळतो. तो शेरा केंद्राला लोकांना दिसेल असा लावावा लागतो. तिथेही तक्रारी संपलेल्या नाहीत. पण निदान दारावर शेरा तरी दिसतो.

आपल्याकडे काय आहे? ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे. निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम राज्याने टप्प्याटप्प्याने उभारावा, अशी तरतूद त्यात आहे. पैसे घेऊन चालणाऱ्या खाजगी केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवण्यासाठी या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ती लोकसभा २०२४ मध्ये संपली, तोवर ते मंजूर झाले नव्हते.

१९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा महाराष्ट्रात लागू आहे. त्याच्या व्याख्येत आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा येते. म्हणून जिथे नळ्या, इंजेक्शने, प्राणवायू चालतो, तिथे "या कायद्याखाली नोंदणी आहे का?" असे जरूर विचारावे. काही ठिकाणी फक्त धर्मादाय आयुक्तांकडचे विश्वस्त संस्थेचे प्रमाणपत्र काचेत लावून दाखवतात. ते प्रमाणपत्र संस्थेची नोंद आणि हिशेब यांच्याशी निगडित आहे. आजीच्या पाठीवर जखम आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

थोडक्यात, आपल्या माणसाच्या खाटेपर्यंत कोणी सरकारी तपासनीस येईल, या भरवशावर राहू नये. तपासनीस आपणच.

दोन जागा, दोन तऱ्हा

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या पेशंटसाठी मी अशा दोन जागा पाहायला गेलो होतो. निवृत्त शिक्षिका. गावातल्या दोन पिढ्या त्यांना 'बाई' म्हणत आल्या. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, बोलणे दोनचार शब्दांवर आलेले. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी. त्याने दोन ठिकाणे हेरून ठेवली होती आणि "डॉक्टर, तुम्ही एकदा बरोबर चला" अशी गळ घातली.

पहिली जागा पाहून डोळे दिपले. दारात कारंजे, चकचकीत फरशी, भिंतीवर मोठा टीव्ही. मुलगा खूश. आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. एका खोलीत आठ खाटा आणि आठही माणसे गाढ झोपलेली! मी तिथल्या मुलीला विचारले, "ताई, या वेळी सगळे झोपलेले कसे?" ती सहज म्हणाली, "रात्री गोळी देतो ना सर. त्रास देत नाहीत मग."

एक आजोबा हाक मारल्यावर जागे झाले. त्यांना विचारून मी चादर बाजूला करून पाय पाहिला. टाच काळीनिळी पडली होती. पाण्याचा पेला खिडकीत ठेवलेला, म्हणजे हाताच्या अंतरापासून चार हात लांब. ओठांवर पापुद्रे. मी कूस बदलल्याची नोंदवही मागितली. ती लगेच मिळाली. वही व्यवस्थित, अक्षर सुरेख. दुपारी दोन, चार, सहा, रात्री आठ, सगळ्या वेळांपुढे सह्या. आणि आमच्या घड्याळात अजून सव्वाअकराच वाजले होते!

दुसरी जागा गावाबाहेरच्या जुन्या बंगल्यात. वर पत्रे, भिंतींचा रंग उडालेला. मुलाचा चेहरा पडला. ओसरीवर तीन आजी मेथी निवडत बसल्या होत्या. एकीचे हात कापत होते, तिच्या वाट्याला चार काड्याच होत्या, पण ती बसली होती. आत पाऊल टाकताच एका मावशींनी मला अडवले. "डॉक्टर असाल, पण आधी हात धुवा." मला फार बरे वाटले.

आत सात खाटा होत्या. प्रत्येकीच्या उशाशी झाकणाचा पेला, त्यात नळी. भिंतीवरच्या कागदावर दहा वाजेपर्यंतच्याच खुणा, आणि माणसे खरोखर त्या त्या कुशीवर. एका आजींच्या माकडहाडाशी जुनी जखम होती. मावशींनी ती झाकली नाही. "इस्पितळातून आली तेव्हा ही एवढी होती," म्हणून बोटांनी मोठे माप दाखवले, आणि दर आठवड्याला मोजून लिहिलेले आकडे दाखवले.

तिथे सगळेच उत्तम होते असे नाही. न्हाणीघरात धरायला दांडी नव्हती. मागचे दार सामानाने अडले होते. चालकांना तसे स्पष्ट सांगितले. दांड्या बसल्या, दार मोकळे झाले, मगच बाईंना तिथे नेले. चार महिन्यांनी एका सकाळी मावशींचा फोन आला, "बाईंच्या कमरेशी लाली दिसते, बोटाने दाबून जात नाही." त्याच दिवशी कळवले, कूस बदलण्याची वेळ कमी केली, जखम झाली नाही. चांगल्या जागीही दुखणी येतात. ती किती लवकर दिसतात आणि किती खरी सांगितली जातात, यावर जागेची पारख होते.

टाच काय सांगते?

मी टाच का पाहिली, ते सांगतो. माणूस एकाच अंगावर बराच वेळ पडून राहिला, की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेंगरते. तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि ती मरू लागते. यालाच शय्याव्रण किंवा बेडसोअर म्हणतात. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू या त्याच्या आवडत्या जागा. त्यांतली टाच सगळ्यात सहज पाहता येते. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, कातडी कोरडी ठेवणे आणि पुरेसे प्रथिनयुक्त अन्न, हा त्यावरचा उपाय. तो रोज होतो की नाही, हे टाच सांगते.

लाल दिसणाऱ्या जागी बोट काही क्षण दाबून सोडावे. जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त फिरते आहे. तशीच लाल राहिली तर व्रणाची सुरुवात समजावी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा काळपट, गरम किंवा कडक लागणारी जागा शोधावी. अशा जागेवर स्पिरिट-पावडर चोळण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. चोळल्याने चेंगरलेली कातडी आणखी दुखावते. रबरी कडेही वापरू नये. हवेची गादी चांगली, पण तिच्यामुळे कूस बदलण्यातून सुटका होत नाही. "आमच्याकडे हवेची गादी आहे, वळवायची गरज नाही," असे कोणी म्हणाले तर त्याला या विषयातले कळत नाही असे समजावे.

दुसऱ्यांच्या आईवडिलांचे पांघरूण मात्र परवानगीवाचून उचलू नये. "आजोबा, पाय पाहू का?" असे विचारावे. नकार मिळाला तर चेहरा, ओठ, नखे आणि कपडे पाहावे. वाढलेली नखे पुष्कळ काही बोलतात.

पाणी, घास आणि वजन

म्हातारपणी तहान कमी लागते. त्यात लघवीचा त्रास नको म्हणून काही ठिकाणी पाणीच कमी देतात. मग लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, भ्रम हे सगळे पाठोपाठ येते. पेला हाताशी आहे का आणि जो उचलू शकत नाही त्याला कोण पाजते, हे पाहावे.

जेवणाच्या वेळी मुद्दाम जावे. अंथरुणावरच्या माणसाला बसते करून, लहान घास, गिळल्याची खात्री करून भरवले पाहिजे. आडवे ठेवून भरवले तर घास श्वासनलिकेत जातो, ठसका लागतो आणि न्यूमोनिया होतो. नाकातल्या नळीतून देतानाही डोक्याकडची बाजू उंच हवी आणि नंतर निदान अर्धा तास तशीच ठेवावी. एक मावशी एका वेळी किती जणांना भरवतात, ते मोजावे. घाई दिसली की समजावे, माणसे कमी आहेत.

वजनाची नोंद दर महिन्याला असावी. महिन्यात वजन शंभरात पाच या प्रमाणात उतरले, म्हणजे ५० किलोच्या आजी अडीच किलोने घटल्या, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. कधी कारण आजार असतो. कधी इतकेच असते की कवळी हरवली आणि कोणाच्या लक्षात आले नाही.

औषधांची पेटी

प्रत्येकाची औषधे वेगळ्या डब्यात, नावासकट हवीत. सगळ्यांच्या गोळ्या एकाच परातीत दिसल्या तर तिथून निघावे. इन्शुलिन फ्रीजच्या खालच्या भागात, २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. बर्फाच्या कप्प्यात नव्हे. "इन्शुलिन किती वाजता आणि जेवण किती वाजता?" हा एक प्रश्न विचारून पाहा. इंजेक्शन आठला आणि जेवण साडेनऊला, असे उत्तर आले तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकते.

झोपेच्या गोळीबद्दल स्पष्ट विचारावे : कोणती, किती आणि कोणत्या डॉक्टरांनी लिहिली? म्हाताऱ्या माणसाला गप्प ठेवण्यासाठी दिलेली गोळी त्याला दिवसा गुंगीत ठेवते. तोल जातो, खाणेपिणे सुटते, कूस आपोआप बदलत नाही. टाच काळी होण्याची एक वाट त्या गोळीतूनही जाते.

लघवीची नळी असेल तर ती कधी घातली याची तारीख लिहिलेली हवी. पिशवी कमरेच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये.

पडणे, बांधणे, भाजणे

खुब्याचे हाड मोडले की म्हातारे माणूस पुष्कळदा पुन्हा पूर्वीसारखे चालत नाही. म्हणून न्हाणीघर स्वतः पाहावे. ओली फरशी, उंबरठा, अंधार या तिघांपासून सावध. धरायला दांडी, कमोड आणि रात्रभर जळणारा एक मंद दिवा हवाच. खोलीतून संडासापर्यंत आपणच चालून पाहावे.

हात-पाय खाटेला बांधलेले दिसले तर कारण विचारावे. "नळी ओढतात" हे उत्तर मिळते. नळीची गरज आहे का, दुसरा उपाय आहे का, हे डॉक्टरांनी ठरवायचे आणि घरच्यांना सांगायचे असते. रोजची सोय म्हणून बांधणे हा अत्याचारच. आंघोळीचे पाणी आधी कोण तपासते, हेही विचारावे. मधुमेहाने किंवा अर्धांगवायूने संवेदना गेलेल्या पायाला चटका कळत नाही. फोड आल्यावरच समजते.

रात्र आणि आग

दिवसा सगळ्याच जागा बऱ्या दिसतात. एकदा रात्री नऊच्या सुमारास जावे. रात्री जागी असणारी माणसे किती आणि त्यांच्यावर अंथरुणातली माणसे किती? दोन वाजता एखाद्याला जुलाब झाले किंवा धाप लागली, तर कोण उठेल, कोणत्या डॉक्टरांना फोन जाईल आणि १०८ ची गाडी दारापर्यंत येईल का? या प्रश्नांची उत्तरे चालकांपेक्षा रात्रपाळीच्या मावशीकडून घ्यावीत. त्या किती वर्षे तिथे आहेत, हेही विचारावे. दर दोन महिन्यांनी माणसे बदलणाऱ्या जागी आजीला काय आवडते, हे कोणालाच माहीत नसते.

आगीचा विषय आपण फार हलका घेतो. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० तान्ही बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले. १ जानेवारी २०२३ ला दिल्लीत वृद्धांच्या एका केंद्रात आग लागली, तिथे दोन वृद्ध महिलांचा जीव गेला. जे पळू शकत नाहीत त्यांच्यासाठी दार मोकळे असणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग. अंथरुणातली माणसे तळमजल्यावर असावीत, दुसरे दार असावे, त्याला कुलूप नसावे, आणि खाट किंवा चाकाची खुर्ची त्यातून जावी. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे 'ब' नमुन्यातले प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ते मागून पाहावे.

कागद आणि पैसे

महिन्याच्या रकमेत काय येते आणि काय येत नाही, ते लिहून घ्यावे. डायपर, ड्रेसिंग, डॉक्टरांची भेट, हवेची गादी, रुग्णवाहिका यांचे पैसे पुष्कळदा वेगळे लागतात. अनामत कधी परत मिळते? माणूस रुग्णालयात गेले तर खाट किती दिवस राखतात? प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. कोऱ्या कागदावर सही करू नये आणि पेन्शनचे पासबुक किंवा कार्ड चालकांकडे देऊ नये.

ठेवायच्या दिवशी दोन नोंदी दोघांच्या सहीने कराव्यात : वजन आणि अंगावरच्या जखमा. पुढे "हे आधीपासूनच होते" हा वाद त्याने मिटतो. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र यांवर नाव घालावे. सोबत एक पानभर माहितीही द्यावी : काय आवडते, कशाला भितात, कोणत्या नावाने हाक मारलेली चालते. ज्यांना आयुष्यभर 'बाई' म्हटले गेले, त्यांना "ए आजी, उठ" म्हटलेले कसे लागेल, याचा विचार आपणच करायचा.

ठेवल्यानंतर

तपासणी एका दिवसात संपत नाही. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा, निरनिराळ्या वेळी, न कळवता जावे. बाहेरगावच्यांनी गावातल्या एका नातेवाइकाला किंवा शेजाऱ्याला हे काम सोपवावे. "भेटायची वेळ फक्त रविवारी चार ते पाच" असा नियम असेल तर त्याचे कारण विचारावे. जेवणाच्या आणि विश्रांतीच्या वेळा राखणे समजू शकते. पण आठवडाभर दार बंद ठेवण्यासारखे तिथे काय असते?

दर भेटीत पाच गोष्टी पाहाव्यात, दहा मिनिटे लागतात :

१. टाचा आणि पाठ.
२. ओठ, जीभ आणि हाताशी पाणी.
३. माणूस जागे आणि नेहमीइतके बोलते आहे का.
४. वास. क्षणभर आलेला चालेल, गादीत मुरलेला नको.
५. मावशी जवळ आल्यावर आपल्या माणसाचा चेहरा. तो आक्रसतो की खुलतो?

पाचवी खूण कोणत्याही वहीत सापडत नाही. ज्याची वाचा गेली, त्याचा चेहरा मात्र शाबूत असतो.

काही खटकले तर आधी चालकांशी बोलावे आणि तक्रार लेखी द्यावी. मावशींवर ओरडू नये. त्या निघून गेल्या तर रात्री कूस बदलायला कोणीच उरत नाही. सुधारणा झाली नाही तर जागा बदलावी. मारहाण, उपासमार, बांधून ठेवणे असे काही दिसले तर पोलिसांत जावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा देशभरचा मोफत फोन आहे. आणि एक गोष्ट घरच्यांसाठीही : २००७ च्या त्याच कायद्यात, ज्यांच्यावर ज्येष्ठाचा सांभाळ सोपवला आहे त्यांनी त्याला कुठेही टाकून देऊन पाठ फिरवली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पैसे वेळेवर भरले म्हणजे सांभाळ झाला, असे मनाशी समजू नये.

चांगल्या केंद्रांनाही माझे सांगणे आहे. नातेवाइकाने टाच पाहायला मागितली तर राग मानू नका. उलट, त्याला खुर्ची द्या, दिवा लावा आणि तुम्हीच पांघरूण बाजूला करा. ज्यांचे काम खरे आहे, त्यांना यापेक्षा स्वस्त जाहिरात मिळणार नाही.

आणि ज्यांचे आईवडील आज घरीच अंथरुणावर आहेत, त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी आत जावे. टाच घरातलीही पाहायची असते.